तांब्याचे पोट, तांब्याचा गळा

‘तुम्ही इतकी वर्षे नेमके काय करता, ते मंडळींना समजेल अशा भाषेत एकदा लिहाच’ असा लकडा संपादकांनी माझ्यामागे लावला होता. माझ्या कामाचे सरळ वर्णन ‘धातूंच्या फेर्मी पृष्ठांचे छेद संगणकावर काढणे’ असे आहे. हळदीकुंकवाला कुणी विचारले आणि मी एवढेच सांगितले, की पुढचा प्रश्न ठरलेला : ‘ही फेर्मी कुठली फर्म? म्युनिकची का?’ त्या सर्व प्रश्नकर्त्यांसाठी हा लेख. गणिताची धास्ती असलेल्यांनीही वाचावा. दोन-चार आकडे येतील, पण ते वाण्याच्या हिशोबापेक्षा अवघड नाहीत.

फेर्मी हे नाव एन्रिको फेर्मी या इटालियन शास्त्रज्ञाचे. ‘पृष्ठ’ मात्र धातूच्या तुकड्यावर कुठेही दिसत नाही. ते एका नकाशावर असते, आणि तो नकाशा गावांचा नसून गतीचा असतो. हे समजण्यासाठी आपल्याकडच्या धरणांचा चांगला उपयोग होतो.

कोयनेचा शिवसागर जलाशय ज्यांनी वरून पाहिला आहे त्यांना त्याचा काठ आठवत असेल. पाणी डोंगरांच्या प्रत्येक घळीत बोट घालून बसले आहे. जमिनीचा चढउतार ठरलेला आहे, पाणी किती आले हेही ठरलेले आहे. या दोन गोष्टींवरून काठ कुठे येणार ते आपोआप ठरते. आता कल्पना करा, की नकाशावरचे प्रत्येक ठिकाण म्हणजे इलेक्ट्रॉनचा एक संवेग आहे, म्हणजे तो कोणत्या दिशेने आणि किती जोराने निघाला आहे ते. त्या ठिकाणची जमिनीची उंची म्हणजे त्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा. वोल्फगांग पाउली यांनी १९२५ साली, हाम्बुर्गला असताना, सांगितलेल्या नियमानुसार प्रत्येक ठिकाणी दोनच इलेक्ट्रॉन राहू शकतात. त्यामुळे सगळ्यांना तळाशी गर्दी करता येत नाही. तळ भरला की पुढच्यांना वर जावे लागते, जसे धरण भरते तसे. सगळे इलेक्ट्रॉन भरून झाले की पाण्याचा जो काठ तयार होतो, तोच फेर्मी काठ. खऱ्या धातूत संवेगाच्या दिशा तीन असल्यामुळे काठाची रेषा राहत नाही, तिचे पृष्ठ होते.

एवढे महत्त्व काठालाच का? कारण आत खोल असलेल्या इलेक्ट्रॉनच्या चारही बाजूंच्या जागा भरलेल्या असतात. त्याला हलायला वाव नाही. काठावरच्याला मात्र शेजारी कोरडी, मोकळी जमीन असते. वीज वाहणे, भांड्याचा दांडा तापणे, अतिसंवाहकता, या सगळ्या गोष्टी काठावरची मंडळी घडवतात. काठाजवळची जमीन उभी असेल तर तिथले इलेक्ट्रॉन वेगवान. सपाट असेल तर मंद. उजनीचे पाणी हातभर उतरले की केवढी जमीन उघडी पडते ते सोलापूर-इंदापूरकडच्या वाचकांना सांगायला नको. काही धातूंचे काठ उजनीसारखे असतात, काहींचे कोयनेसारखे.

ही कल्पना घडली ती आपण राहतो त्याच देशात. म्युनिकच्या आर्नोल्ड झोमरफेल्ड यांनी १९२७-२८ मध्ये फेर्मी यांची मोजदाद धातूंना लावली. त्यांच्या धातूत अणूंचा अडथळा नव्हता. जमीन एका गुळगुळीत वाडग्यासारखी होती, म्हणून काठ अगदी गोल. १९२८ मध्येच लाइपझिगला हायझेनबर्ग यांच्या हाताखाली फेलिक्स ब्लॉख या तरुणाने प्रबंधात दाखवले, की अणूंची शिस्तबद्ध रांग इलेक्ट्रॉनला अडवत नाही, फक्त जमिनीचा आकार बदलते. जाता जाता : त्याच वर्षी झोमरफेल्ड भारतात आले होते आणि कलकत्त्याला त्यांनी तरंगयामिकीवर व्याख्याने दिली. ती पुढच्या वर्षी कलकत्ता विद्यापीठाने पुस्तकरूपाने छापली. नवे विज्ञान आपल्याकडे फार उशिरा पोचले असे आपण सर्रास म्हणतो, ते इथे तरी खरे नाही.

आता तांबे घेऊ. तांब्यात प्रत्येक अणूमागे एक इलेक्ट्रॉन मोकळा असतो. जमीन वाडग्यासारखी मानली तर फेर्मी पृष्ठ हा एक गोळा होतो आणि त्याची त्रिज्या कागदावर काढता येते : आपल्या एककात १.३६ (अँगस्ट्रॉमच्या व्यस्तात, एकक विसरलात तरी चालेल). ब्लॉख यांच्या शिस्तीमुळे नकाशाला एक हद्दही असते; हद्दीपलीकडे तोच नकाशा पुन्हा सुरू होतो, जणू शेजारच्या तालुक्यात हुबेहूब तेच धरण. ही हद्द मध्यापासून सर्वांत जवळ आठ दिशांना येते आणि ते अंतर १.५१ आहे. म्हणजे गोळा हद्दीला टेकत नाही, दहा टक्के कमी पडतो.

पण खऱ्या तांब्यात या आठ दिशांना जमीन वाडग्यापेक्षा खाली वाकलेली असते. हद्दीवर जिथे उंचवटा असायला हवा होता तिथे खिंड असते. पाण्याची पातळी त्या खिंडीपेक्षा थोडी वर आहे. त्यामुळे पाणी खिंडीतून पलीकडे जाते आणि शेजारच्या धरणाला मिळते. गोळ्याला आठ गळे फुटतात. १९५७ साली ब्रायन पिपर्ड यांनी तांब्याच्या स्फटिकांवर उच्च कंप्रतेच्या विजेचे प्रयोग करून हा आकार प्रथम मांडला. कुठल्याही धातूचे फेर्मी पृष्ठ मोजमापावरून असे उभे राहण्याची ती पहिली मोठी वेळ. इंग्रज शास्त्रज्ञांनी त्याच्या भागांना पोट आणि गळा अशी नावे दिली. आपल्या पूजेतला तांब्या त्यांनी पाहिला होता की नाही कोण जाणे, पण तांबे या धातूच्या पोटात तांब्याच सापडावा हा योग मराठी माणसालाच कळणार! (तांब्याचा लालसर रंग या गळ्यामुळे येतो का, असे एकाने विचारले होते. नाही. तो काठाच्या बऱ्याच खाली बसलेल्या दुसऱ्याच इलेक्ट्रॉनांमुळे येतो.)

हा गळा संगणकावर कसा काढतात? प्रथम नकाशावर चौकटी आखायच्या आणि प्रत्येक छेदबिंदूवर इलेक्ट्रॉनची ऊर्जा काढायची. एका बिंदूसाठी एक समीकरणसंच सोडवावा लागतो. हे काम पूर्वी दिवसचे दिवस चाले. मी १९९० साली स्टुटगार्टला आले तेव्हा गणित रात्री लावून ठेवायचे आणि सकाळी पेनांच्या प्लॉटरसमोर उभे राहायचे असा क्रम होता. यंत्र एकेक रंगीत पेन उचलून वळणे काढी. आज तेच गणित कुठल्याही विद्यार्थ्याचा लॅपटॉप चहा होईपर्यंत उरकतो.

हाती येतो तो उंचींचा तक्ता. मग तळापासून इलेक्ट्रॉन भरत जायचे, संख्या पुरी झाली की पातळी मिळाली. त्यानंतर आपल्याला हवा तो सपाट छेद घ्यायचा, कलिंगडाची फोड काढावी तसा, आणि त्यावर काठ शोधायचा. समजा, एका चौकटीच्या शेजारशेजारच्या दोन कोपऱ्यांपैकी एक पातळीच्या ०.३ खाली आहे आणि दुसरा ०.१ वर. मग काठ त्या बाजूला पहिल्या कोपऱ्यापासून पाऊण अंतरावर कापणार. प्रत्येक चौकटीच्या बाजूंवर असे बिंदू काढायचे, जोडायचे, की काठ तयार. ट्रेकिंगच्या नकाशावरच्या समोच्च रेषा अशाच निघतात.

यात अवघड काही नाही असे वाटते. पण एक चौकट अशी येते, की समोरासमोरचे दोन कोपरे पाण्यात आहेत आणि उरलेले समोरासमोरचे दोन कोरडे. आता काय जोडायचे? दोन ओल्या कोपऱ्यांमधून पाणी जाते, की दोन कोरड्या कोपऱ्यांमधून जमीन? दोन्ही चित्रे तक्त्याशी तंतोतंत जुळतात. आणि ही चौकट येते कुठे? नेमकी खिंडीत! म्हणजे गळा आहे की नाही हा जो सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, तिथेच तक्ता गप्प बसतो आणि रेषा काढणारी आज्ञावली स्वतःच्या सवयीने उत्तर देऊन मोकळी होते.

या प्रश्नावरचा एक जुना उपाय म्हणजे चौकटीऐवजी त्रिकोण घेणे. त्रिकोणात काठ एकाच प्रकारे जाऊ शकतो, संदिग्धता उरत नाही. तीन मितींत घनाचे सहा चतुष्फलक करतात. चतुष्फलकांची ही पद्धत १९७१ मध्ये डेन्मार्कमध्ये येप्सन आणि अँडरसन यांनी, आणि १९७२ मध्ये तेव्हाच्या पूर्व जर्मनीत, ड्रेस्डेनला, लेमान आणि टाउट यांनी मांडली. येप्सन आणि अँडरसन पुढे स्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत आले आणि १९९४ साली पेटर ब्लॉखल यांच्यासह त्यांनी ती सुधारली. आज धातूंचे गणित करणाऱ्या बहुतेक आज्ञावलींमध्ये ती कुठे ना कुठे असतेच. पण एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. चौकटीचे दोन त्रिकोण करताना कोणता कर्ण घ्यायचा हे आपणच ठरवतो. ओल्या कोपऱ्यांना जोडणारा घेतला तर खिंडीत पाणी, कोरड्यांना जोडणारा घेतला तर खिंड कोरडी. म्हणजे संदिग्धता गेली नाही, झाकली गेली. खरा उपाय एकच : खिंडीत चौकटी बारीक करून तिथली उंची प्रत्यक्ष काढणे. मध्यापासून हद्दीपर्यंत दहा घरे केली तर तांब्याच्या गळ्याची त्रिज्या भरते जेमतेम पावणेदोन घरे. एवढ्यात गोल काय दिसणार!

दुसरी अडचण धातूत एकाहून अधिक पट्टे असले की येते. प्रत्येक बिंदूवर संगणक ऊर्जा चढत्या क्रमाने देतो : पहिली, दुसरी, तिसरी. शाळेत मुलांना उंचीप्रमाणे रांगेत उभे करतात. पुढच्या वर्षी एक मुलगा दुसऱ्याच्या वर जातो आणि ‘तिसरा’ म्हणजे आता वेगळाच मुलगा असतो. पट्टे एकमेकांना छेदतात तिथे हेच होते आणि काठाला नसलेले कोपरे फुटतात. तांब्यात एकच पट्टा काठापर्यंत येतो, म्हणून शिकायला तांबे बरे. शिशात किंवा लोखंडात हात घालायचा तर आधी हे पट्टे ओळखता यायला हवेत.

मग चित्र खरे की खोटे हे ठरवायचे कसे? इथे छेदाचे क्षेत्रफळ कामाला येते. काठ हा शेवटी एक बहुभुज असतो. मोजणी खात्याचा माणूस शेताचे कोपरे घेऊन गुंठे काढतो, तसेच आपणही काढायचे. नवल हे, की निसर्गही तेच क्षेत्रफळ मोजून देतो. १९३० साली लायडनला द हास आणि फान आल्फेन यांना दिसले, की अतिथंड बिस्मथचे चुंबकत्व बाहेरचे चुंबकीय क्षेत्र वाढवत नेले की वरखाली हेलकावते. गंमत म्हणजे लेव्ह लँडाऊ यांनी त्याच वर्षी असे हेलकावे व्हायला हवेत असे कागदावर दाखवले, पण ते प्रत्यक्षात दिसतील असे त्यांना वाटत नव्हते. १९५२ साली लार्स ऑन्सागर यांनी याचा अर्थ लावला. क्षेत्राच्या व्यस्ताच्या मापाने पाहिले तर हे हेलकावे अगदी समान अंतराने येतात, आणि त्यांची कंप्रता फेर्मी पृष्ठाच्या छेदाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. आपल्या एककातले क्षेत्रफळ १ असेल तर कंप्रता सुमारे १०,५०० टेस्ला. मध्ये कुठलाही अंदाज नाही, फक्त निसर्गाचे स्थिरांक.

चुंबकीय क्षेत्राला काटकोनात असंख्य छेद पडतात, मग कोणता बोलतो? ज्यांचे क्षेत्रफळ आजूबाजूच्या छेदांपेक्षा सर्वांत मोठे किंवा सर्वांत लहान असते, तेवढेच. बाकीचे एकमेकांना खोडून काढतात. तांब्या उभा ठेवून आडवे छेद घ्या : सर्वांत मोठा पोटाशी, सर्वांत लहान गळ्याशी. १९५९ साली केंब्रिजच्या डेव्हिड शोनबर्ग यांना तांब्यात नेमके हेच दोन सूर ऐकू आले. गळ्याच्या दिशेने क्षेत्र लावले तर पोटाची कंप्रता ५८,००० टेस्लाच्या आसपास आणि गळ्याची २,२०० च्या आसपास येते. झोमरफेल्ड यांचा साधा गोळा पोटासाठी सुमारे ६१,००० सांगतो. पाच टक्के चूक, वाईट नाही. पण गळ्याबद्दल तो काहीच सांगू शकत नाही, कारण त्याला गळाच नाही. क्षेत्र १० टेस्लावरून ११ वर नेले तर गळ्याचे सुमारे वीस हेलकावे होतात आणि पोटाचे पाचशेच्या वर. मोठ्या लाटेवर बारीक तरंग, एका लाटेवर साधारण सत्तावीस.

आता संगणकाच्या चित्राची परीक्षा घेता येते. पोट जुळणे सोपे आहे. इलेक्ट्रॉनांची संख्या बरोबर असेल तर ते कुठल्याही गणितात थोड्याफार फरकाने जुळते. गळा मात्र पातळी आणि खिंड यांच्या छोट्याशा फरकावर टांगलेला असतो. अणूभोवतीच्या विद्युत विभवाचा अंदाज किंचित चुकला तरी गळा फुगतो, आवळतो, किंवा तुटतो. १९६३ साली बर्डिक यांच्या गणितात तांब्याचा गळा प्रयोगाशी चांगला जुळला, तेव्हा ही पद्धत विश्वासाची आहे असे लोक म्हणू लागले. आपल्या घरातल्या बाकीच्या दोन धातूंची कथा अशी : सोन्यात पोट आणि गळा यांचे प्रमाण सुमारे २९, चांदीत ५१. तिघांत चांदीचा गळा सर्वांत बारीक. दहा घरांच्या चौकटीत तो फक्त सव्वा घर भरतो, म्हणून विद्यार्थ्यांना मी नेहमी चांदी देते. तांबे जमले म्हणून हुरळून गेलेले चांदीने जमिनीवर येतात.

हे सगळे इतके तपशिलात सांगण्याचे कारण आहे. आज ही साधने सर्वांना फुकट मिळतात. इटलीत मूळ धरलेली ‘क्वांटम एस्प्रेसो’ आज्ञावली ऊर्जा काढते, स्लोव्हेनियाची ‘एक्सक्रिसडेन’ आणि जपानची ‘फर्मीसर्फर’ सुंदर रंगीत पृष्ठे काढतात. नांदेडच्या किंवा कोल्हापूरच्या विद्यापीठातला विद्यार्थी स्टुटगार्टच्या विद्यार्थ्याच्या बरोबरीने काम करू शकतो आणि याचा मला मनापासून आनंद आहे. पण चित्रे फार गुळगुळीत झाली आहेत. प्लॉटरची रेषा खडबडीत असली की शंका यायची. आता छायाप्रकाशासह फिरणारा गोळा पाहिला की कुणी विचारतच नाही, चौकटी किती होत्या. माझ्याकडे कुणी असे चित्र आणले तर मी आधी तीन गोष्टी मागते : दुप्पट बारीक चौकटीवरचा तोच छेद, छेदाचे क्षेत्रफळ टेस्लामध्ये, आणि इलेक्ट्रॉनांचा ताळा. तांब्याच्या पृष्ठाने नकाशाचा बरोबर अर्धा भाग व्यापला पाहिजे, कारण प्रत्येक ठिकाणी दोन जागा आणि अणूमागे इलेक्ट्रॉन एकच. यात हजारात पाचाचा फरक आला तरी मी चित्राकडे पाहत नाही. सहकाऱ्यांना हे खाष्टपणाचे वाटते.

छेदाचा आकार कधीकधी सरळ व्यवहारात उतरतो. पॅलेडियम, कोबाल्ट आणि ऑक्सिजन यांचे एक संयुग आहे, पातळ चकचकीत पापुद्र्यांच्या रूपात मिळते आणि वीज फार सुरेख वाहते. त्याचा फेर्मी छेद जवळजवळ षटकोनी आहे. इलेक्ट्रॉन नेहमी काठाला काटकोनात धावतो, जसे पाणी समोच्च रेषेला काटकोनात उतरते. गोल काठावर सगळ्या दिशा सारख्या. षटकोनाच्या सपाट बाजूंवर मात्र फक्त सहा दिशा उरतात. ड्रेस्डेनच्या माक्स प्लांक संस्थेतील गटाने २०१९ साली दाखवले, की या धातूत इलेक्ट्रॉनांचे झोत खरोखरच ठरावीक दिशांनी जातात आणि चुंबकाने नेमके एकाग्र करता येतात. कागदावरच्या षटकोनाच्या बाजू धातूत रस्ते होऊन बसतात.

आणि काही धातूंत ताळ्यावरच वाद आहे. १९७९ साली डार्मश्टाटला फ्रांक श्टेग्लिश आणि सहकाऱ्यांना सिरियम, तांबे आणि सिलिकॉन यांच्या संयुगात अतिसंवाहकता सापडली. तोपर्यंत चुंबकी अणू अतिसंवाहकतेचा शत्रू मानला जाई. अशा संयुगांत सिरियमचा एक इलेक्ट्रॉन धड आपल्या अणूचा नसतो, धड मोकळाही नसतो. तो मोजणीत धरायचा का? इथे आलेल्या प्रत्येकाने अनमेल्डुंगच्या खिडकीसमोर उभे राहून मुक्काम इथला की तिथला हे सांगितले आहे, त्यांना हा प्रश्न लगेच कळेल. धरला तर फेर्मी पृष्ठ मोठे, नाही धरला तर लहान, आणि छेदांच्या कंप्रता त्याप्रमाणे वेगळ्या. सिरियम, ऱ्होडियम आणि इंडियम यांच्या एका संयुगावर जपानी शास्त्रज्ञांनी दाब वाढवत नेला. वातावरणाच्या सुमारे तेवीस हजार पट दाबाशी कंप्रता एकदम बदलल्या, असे त्यांनी २००५ साली नोंदवले. म्हणजे तो इलेक्ट्रॉन त्या दाबापर्यंत घरी बसला होता आणि त्यापुढे बाहेर पडला, असा त्याचा सरळ अर्थ निघतो. इटर्बियम, ऱ्होडियम आणि सिलिकॉनच्या संयुगावर ड्रेस्डेनला अशाच प्रश्नाचा पाठपुरावा झाला, तिथे दाबाऐवजी चुंबकीय क्षेत्र बदलून. त्या निष्कर्षांचा अर्थ लावताना अजून दोन तट पडतात. अशा पदार्थांची चित्रे काढताना मी दोन्ही काढते, इलेक्ट्रॉन धरून एक आणि न धरून एक, दोन्हींच्या छेदांची क्षेत्रफळे टेस्लात लिहिते, आणि कागद प्रयोगशाळेत पाठवून देते.